नूरभाईंवरचा लेख

सकाळी सहा ते सातच्या दरम्यान नूरभाई मुल्लाणींच्या घरी गेलात, तर दार उघडायला नूरभाई यायचे आणि त्यांच्याबरोबर खुर्चीही यायची. म्हणजे अक्षरशः पाठीला चिकटून. बायकोच्या जुन्या ओढणीने त्यांनी कमरेशी स्वतःला खुर्चीला बांधून घेतलेलं असायचं. कडी वाजली की गाठ सोडण्याऐवजी ते खुर्चीसकट उठायचे, कंबरेत वाकून दारापर्यंत यायचे, कडी काढायचे आणि उंबऱ्यातच खुर्ची टेकवून बसायचे. पाहुण्याने उभंच राहायचं.

हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा राजारामपुरीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. चौऱ्याण्णव किंवा पंच्याण्णव साल असेल. मी कॉलेजात मराठी शिकवत होतो. आमच्या गॅसच्या शेगडीचा एक बर्नर पिवळा जळायला लागला, पातेली काळी व्हायला लागली, आणि बायकोने, सुनंदाने, मला सकाळी सकाळी मागच्या गल्लीतल्या शेगडीवाल्याकडे पिटाळलं. मी कडी वाजवली. खुर्ची आली.

"सात वाजता या पावणं," खुर्चीतला माणूस म्हणाला. "आत्ता पान चाललंय."

मला वाटलं, विडा खातोय. सकाळी सहाला विडा, तोही खुर्चीला बांधून घेऊन! कोल्हापूरबद्दल मी बरंच ऐकलं होतं, पण हे नव्हतं ऐकलं.

पान म्हणजे वहीचं पान. नूरभाई दिवसभर शेगड्या आणि स्टोव्ह दुरुस्त करायचे आणि पहाटे लहान मुलांसाठी गोष्टी लिहायचे. रोज एक पान. ईद असो, ताप असो, घरात पाहुणे असोत, पान चुकत नसे. बांधून का घेता, असं मी पुढे कधीतरी विचारलं, तर म्हणाले, "सर, माणसाच्या बुडाला पंख असत्यात. लिवायला बसलं की नेमकं च्या प्यावासा वाटतोय, नेमकी सायकल पुसावीशी वाटती. बांधून घातलं की गप बसतंय."

त्यांच्या गोष्टींची नायिका चंद्री नावाची म्हैस. चंद्री शाळेत जायची, चंद्री बँकेत खातं उघडायला जायची, चंद्रीला चपलांचा जोड हवा असायचा आणि चांभारापुढे प्रश्न पडायचा की जोड म्हणजे दोन की चार. चोवीस पानांची, पिना मारलेली पुस्तकं ते स्वतःच छापून घेत. माझा व्यवसाय साहित्य शिकवण्याचा; त्यामुळे यातलं एकही पुस्तक मी पुरतं वाचलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे सांगायच्या गोष्टी याहून वाईट आहेत.

पुस्तकं खपवण्याची त्यांची पद्धत न्यारी होती. सायकलच्या कॅरियरला दोन्ही बाजूंना दोन पत्र्याच्या पेट्या. एकीत पाने-पक्कड, वॉशर, पिना, जुने बर्नर, दुसरीत चंद्री. कुणाच्या स्वयंपाकघरात शेगडी उघडून बसले की घरातली पोरं भोवती गोळा व्हायची. मग डाव्या हातात नळी आणि तोंडात गोष्ट. म्हशीचा आवाज ते इतका हुबेहूब काढत की एकदा आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींनी गॅलरीतून खाली हाड्‌हाड् केलं होतं. घरातली बाई ओरडायची, "नूरभाई, आधी शेगडी लावा, डाळ अर्धी राहिलीय!" त्यावर नूरभाई शांतपणे म्हणायचे, "ताई, डाळ दुपारपत्तूर शिजंल. हे पोरगं पुन्हा सात वर्साचं व्हणार हाय का?"

लग्नात आहेर म्हणूनही ते चंद्रीच द्यायचे. नवरानवरी हळदीच्या अंगाने उभे, आणि हे त्यांच्या हातात मुलांच्या पुस्तकांचा संच ठेवणार. नवरी लाजून लाल व्हायची. "आत्ता नगं," नूरभाई सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "पर लागंल की!"

हे सगळं मला मजेचं वाटायचं. मजेचं वाटायचं थांबलं ते दोन कारणांनी.

पहिलं कारण माझी कादंबरी. नोकरीला लागलो तेव्हा मी एक कादंबरी सुरू केली होती. सुरू केली होती हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मीच सांगितलं होतं. नऊ वर्षांत तिचं पहिलं प्रकरण मी अकरा वेळा लिहिलं. दुसरं एकदाही नाही. एका दुबळ्या क्षणी हे मी नूरभाईंपाशी बोलून गेलो. त्यांना खरंच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ते एक ओढणी घेऊन आले. "आमच्या हिची हाय. धुतल्याली हाय. बांधून बघा."

मी ती कपाटात टाकली. पण त्या दिवसापासून नूरभाईंनी माझी जबाबदारी घेतली. भाजी घेताना, स्कूटर पुसताना, बसस्टॉपवर विद्यार्थिनींच्या घोळक्यात उभा असताना, पलीकडच्या फुटपाथवरून सायकलची घंटी वाजायची आणि हाक यायची, "ओ सर! पान झालं का?"

"झालं, झालं," मी म्हणायचो.

"झ्याक!" आणि सायकल पुढे.

रोज खोटं बोलायला लागणं हा एक त्रास असतो, आणि ते खोटं समोरच्याला खरं वाटतंय हा दुसरा.

दुसरं कारण म्हणजे चंद्री. खरीखुरी. नवीन पुस्तकाच्या प्रकाशनाला एका शाळेच्या पटांगणात नूरभाईंनी मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. मी खादीचा झब्बा घालून गेलो. व्यासपीठाशेजारी एक म्हैस उभी होती. शिंगांना रिबिनी, कपाळावर गुलाल. गंगावेशीकडच्या एका गवळ्याकडून तासाभरासाठी आणली होती. पोरं हर्षाने वेडी झाली. मी बोलायला उभा राहिलो, बालसाहित्याच्या परंपरेबद्दल दोन वाक्यं बोललो, आणि तिसऱ्या वाक्याला म्हशीने माझ्या गळ्यातला हार ओढला. झेंडूचा होता. तिने तो शांतपणे, शेवटपर्यंत खाल्ला. मी हाराच्या दुसऱ्या टोकाला होतो. मग तिने टेबलावरची दोन पुस्तकंही खाल्ली. नूरभाई माईकवरून म्हणाले, "बघा पोरांनो, चंद्रीनं सरांच्या आदी पुस्तक संपवलं!"

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. माझी मान म्हशीकडे ओढलेली, डोळे मिटलेले. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तो फोटो नोटीसबोर्डावर आठवडाभर होता. काढायला सांगावं तर चिडल्यासारखं दिसलं असतं.

त्याच वर्षी एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला कथा मागितली. कथा कुठली असणार! पण मी बसलो आणि एका बैठकीत नूरभाईंवर विनोदी लेख लिहून काढला. खुर्ची होती, म्हैस होती, लग्नातला आहेर होता. त्यांचं 'लिवलं', 'व्हय', 'न्हाय' मी जसंच्या तसं उतरवलं, वर थोडं वाढवलं. त्यांच्या पुस्तकातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांची एक यादीच दिली. आणि शेवटी लिहिलं, 'ज्याने शेगड्या पेटवायच्या त्याने साहित्य पेटवायला जाऊ नये; धूर फार होतो.' हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते सुनंदाला दोनदा वाचून दाखवलं.

ती भाजी निवडत होती. "त्यांनी तुमचं काय वाईट केलंय?" एवढंच तिने विचारलं.

"विनोद आहे तो," मी म्हणालो.

"असेल," ती म्हणाली.

लेख गाजला. इतक्या वर्षांत माझ्या नावावर छापून आलेलं पहिलं काहीतरी लोकांनी वाचलं होतं. दिवाळीनंतर अंकाच्या लोकांनी एका रविवारी सकाळी राजारामपुरीतल्याच एका सभागृहात वाचनाचा कार्यक्रम ठेवला आणि मला लेख वाचायला बोलावलं. मी वाचायला उभा राहिलो आणि पाहिलं, तर पहिल्या रांगेत नूरभाई. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, मांडीवर पुस्तकांची पिशवी. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की सरांनी तुमच्यावर लिवलंय.

त्या क्षणी मला दुसरं काहीतरी वाचता आलं असतं. घसा बसलाय म्हणता आलं असतं. मी लेख वाचला. पहिल्या परिच्छेदाला आवाज थोडा कापत होता. पण लोक हसले, आणि हसू कानात गेल्यावर आवाज आपोआप सुधारला. म्हशीचा प्रसंग मी अभिनयासह केला. धुराचं वाक्य म्हणायच्या आधी थोडा थांबलोसुद्धा, म्हणजे टाळी नीट पडावी. पडली. मी खाली बघत होतो. नूरभाईंकडे मी सबंध वेळात एकदाही पाहिलं नाही.

मग कुणीतरी ओरडलं, "अरे, नूरभाई इथंच बसलेत की! बोलू द्या त्यांना!"

सगळं सभागृह माना उंचावून बघायला लागलं. आणखी एक गंमत आता फुकटात मिळणार होती. नूरभाई उठले. पिशवी खुर्चीवर ठेवली. शर्ट खाली ओढला.

"मला बोलाय येत न्हाय," ते म्हणाले. "पर आज लई आनंदाचा दिस हाय. आमचं सर नऊ वरसं झाली लिवायचं म्हंत्यात. रोज इचारतोय मी. आज सरांचं पान झालं. टाळ्या वाजवा की!"

आणि त्यांनीच वाजवायला सुरुवात केली. लोक पुन्हा हसले, टाळ्या वाजवल्या. जाताना नूरभाईंनी अंकाच्या दोन प्रती घेतल्या. मी स्वतःला समजावलं की त्यांना टोमणे कळलेच नाहीत. साधा माणूस आहे, आपल्यावर लिहून आलं यातच खूष आहे. स्कूटरवरून घरी येईपर्यंत हे मला जवळजवळ पटलं होतं.

पण नंतरचे दिवस काही बरे गेले नाहीत. गल्लीतली पोरं पाठीला खुर्च्या बांधून पळायला लागली. एका संध्याकाळी मी गॅलरीतून पाहिलं, अशी तीन पोरं नूरभाईंच्या मागे 'खुर्ची, खुर्ची' करत निघाली होती. नूरभाईंनी सायकल लावली. मला वाटलं, आता मारणार. त्यांनी एका पोराला जवळ घेतलं, त्याची सुटत आलेली गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "अशी न्हाय रं. अशी मार. न्हाईतर पडशील तोंडावर."

मी गॅलरीतून आत आलो.

मग एका शाळेत त्यांचा गोष्टींचा तास ठरला होता तो रद्द झाला. त्या शाळेचे मुख्याध्यापक माझ्या ओळखीचे. रस्त्यात भेटले तेव्हा हसत म्हणाले, "तुमचा लेख वाचला आणि वाचलो बघा. नाहीतर आणली असती त्यांनी म्हैस." त्यांना मला धन्यवाद द्यायचे होते. मी ते घेतले. नूरभाईंच्या गोष्टी एकदा ऐकून बघा, एवढं वाक्य माझ्या तोंडातून निघायला हवं होतं. ते निघालं नाही.

आणि पानाची चौकशी बंद झाली. नूरभाई दिसायचे, हात वर करायचे, हसायचे आणि जायचे. सरांचं पान झालं होतं. आता विचारायचं कारण नव्हतं. मला वाटलं होतं, सुटलो. पण सायकलची घंटी वाजली की मी थांबायचो, वाट बघायचो, आणि काहीच ऐकू यायचं नाही.

शेवटी एका शनिवारी दुपारी कॉलेजातून परस्पर त्यांच्याकडे गेलो. माफी मागायची, एवढं ठरवून. वाटेत चार वाक्यं जुळवली होती. नूरभाई पुढच्या खोलीत, म्हणजे त्यांच्या दुकानात, जमिनीवर मांडी घालून एक बर्नर खरवडत बसले होते.

"नूरभाई, जरा बोलायचं होतं."

"बोला की सर."

मी पहिलं वाक्य काढणार, एवढ्यात आतून आवाज आला, "कौन? सर आये क्या?" आणि रेहानाभाभी पदराला हात पुसत बाहेर आल्या. भाभी म्हणजे नूरभाईंची बायको. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. इतक्या वर्षांत माझ्याशी दोन-चार वाक्यांपलीकडे बोलल्या नव्हत्या. त्यांनी मला आत नेऊन खाटेवर बसवलं आणि स्वतः समोर उभ्या राहिल्या.

"सर, मी तुमच्या घरीच येणार हुते. लई चांगलं लिवलंसा हो तुमी यांच्यावर."

मला वाटलं, ही बाई आता मला फाडून खाणार आहे आणि ही तिची सुरुवात आहे. पण त्यांचे डोळे भरून आले होते.

"मला वाचाय येत न्हाय सर. यांच्याकडनं तीन डाव वाचून घेतलं. पर एक सांगा, त्ये मिरजेच्या दवाखान्याचं तुमाला कुणी सांगितलं? हे तर कुणाला काय सांगत न्हाईत."

माझ्या लेखात मिरज नव्हतं. दवाखाना नव्हता. मी दुकानाकडे पाहिलं. मधल्या दारातून नूरभाईंची पाठ दिसत होती. त्यांनी बर्नर उजेडाकडे धरला होता आणि त्याच्या भोकांतून ते फुंकर मारत होते.

"त्यांनी काय काय वाचून दाखवलं, भाभी?" मी विचारलं.

"आता तुमीच लिवलंय आन् मलाच इचारतासा!" त्या हसल्या. मग एखादा धडा म्हणावा तशा सांगू लागल्या. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्या मिरजेच्या दवाखान्यात अडीच महिने होत्या. छातीचं दुखणं. मूल व्हायचं होतं ते राहिलं नाही, आणि पुढे होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. नूरभाई रोज कोल्हापुरातून एसटीने जायचे. दोघंही गप्प बसायची. काय बोलायचं ते दोघांनाही कळायचं नाही. वॉर्डाच्या खिडकीतून खाली एक म्हैस दिसायची. एके दिवशी नूरभाई म्हणाले, ती बघ, ती चाललीया शाळंला. भाभी अडीच महिन्यांत पहिल्यांदा हसल्या.

"लोकास्नी वाटतंय हे पोरांसाठी लिवत्यात," भाभी म्हणाल्या. "तुमी लिवलंय, पैली गोष्ट त्येंनी बायकूसाठी केली. आन् अजून रोजचं पान पैलं तिलाच वाचून दाखवत्यात, ती हसली तरच ठेवत्यात. खरं हाय सर. न्हाय हसले तर फाडत्यात. पर इतक्या वरसांत ह्येंनी मला कधी म्हटलं न्हाय, की ती म्हस तुझ्यासाठी केली हुती म्हणून. मला वाटायचं, सहज बोललं असतील. तुमच्याकडनं कळलं मला."

माझ्या खिशातल्या चार वाक्यांचं काय करायचं ते मला कळेना. नूरभाईंना सगळं कळलं होतं. सभागृहात पहिल्या रांगेत बसून त्यांनी माझा शब्द न् शब्द ऐकला होता, ओळखला होता, आणि टाळ्या वाजवल्या होत्या. मग तो अंक घरी आणून बायकोसमोर धरला होता आणि माझ्या नावाखाली दुसराच लेख वाचला होता. तिला कळू नये म्हणून की लोक आपल्या नवऱ्याला हसतात. आणि एकदा वाचायला लागल्यावर, जे स्वतःच्या तोंडाने इतक्या वर्षांत सांगता आलं नव्हतं, ते त्यांनी माझ्या तोंडी घालून सांगितलं होतं. तीन वेळा, दर वेळी तेच.

मी उठायला लागलो. "येतो भाभी."

"च्या न घेता? बसा. आन् सर, एक काम करा की." त्यांनी ट्रंकेवरून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला अंक काढला, पिशवी सोडली आणि अंक माझ्या हातात दिला. "आज तुमच्या तोंडनं ऐकू द्या. लिवणाऱ्याच्या तोंडनं."

अंक आपोआप माझ्या लेखावर उघडला. वर माझं नाव, ठळक अक्षरात. खाली पहिली ओळ, 'राजारामपुरीत एक विनोद राहतो.' मला ती पाठ होती.

भाभी खाली भिंतीला टेकून बसल्या. दुकानातलं खरवडणं थांबलं होतं.

"राजारामपुरीत," मी म्हणालो आणि थांबलो. "राजारामपुरीत एक माणूस राहतो."

भाभींनी मान हलवली. बरोबर होतं.

"तो रोज सकाळी उठून... एक पान लिहितो. त्याच्या गोष्टी मी कधी नीट वाचल्या नाहीत. वाचायला हव्या होत्या." हे त्यांनी आधी ऐकलं नसणार, त्यांनी थोडं चमकून पाहिलं. मी घाईने पुढे गेलो. शेगड्यांचं सांगितलं, पोरांचं सांगितलं. डोळ्यांसमोर एक मजकूर आणि तोंडात दुसरा, अशी कसरत मला जमत नव्हती. समोरच्या पानावरचे शब्द मध्ये मध्ये येत होते. पान उलटलं, 'धूर' हा शब्द दिसला आणि मी पूर्णपणे अडलो. आता पुढे काय, हे मला ठाऊक नव्हतं. भाभी वाट बघत होत्या.

दुकानातून, पाठ न वळवता, नूरभाई हळूच म्हणाले, "सर, त्येच्या फुडं मिरजेचं हाय."

मी 'धूर' बोटाखाली झाकला आणि मिरजेचं वाचू लागलो.